शालिवाहन शक, इसवी सन आणि प्रभूचा जन्मकाल

वाचावयाचा शास्त्रभाग : लूक १:१–५, २:१–७, ३:१–३ व २३, १ करिंथ १५:१–२०.
पाठाचा उद्देश : वर्षांची मोजणी माणसांनी मागाहून केली, प्रभूविषयीची साक्ष त्याहून फार जुनी आहे. म्हणून मोजणीतील चुकीने घाबरू नये, आणि खोट्या पुराव्याने हुरळूनही जाऊ नये.

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, ज्यास २०२३ सालापर्यंत औरंगाबाद जिल्हा म्हणत, गोदावरीच्या उत्तर तीरावर पैठण हे पुरातन नगर आहे. प्रतिष्ठान हे त्याचे प्राचीन नाव. आपल्या पंचांगात ज्या शालिवाहन राजाच्या नावाने शक मोजतात, त्याची राजधानी हीच, असे परंपरा सांगते. त्याच पंचांगावर शेजारी इसवी सनाचाही आकडा छापलेला असतो. 'इसवी' हा शब्द 'ईसा' या नावावरून आला आहे. म्हणजे खेड्यातील कोणत्याही घरी भिंतीवर एकाच खिळ्याला दोन कालगणना टांगलेल्या असतात. एक पैठणच्या राजाच्या नावाची आणि दुसरी आपल्या प्रभूच्या नावाची. या दोहोंविषयी इतिहासशोधक सारखाच प्रश्न करतात. शक खरोखर शालिवाहनाने सुरू केला काय? आणि इसवी सनाच्या पहिल्या वर्षी येशू ख्रिस्त खरोखर जन्मला काय? प्रस्तुत पाठात हे दोन्ही प्रश्न एकत्र घेतले आहेत. कारण पहिला नीट समजला म्हणजे दुसरा समजणे सोपे जाते.

हा केवळ पंडितांचा विषय आहे, असे कोणी समजू नये. आपल्या मंडळीतील मुलेमुली शिक्षणासाठी शहरात जातात. तेथे, किंवा घरबसल्या हातातील फोनवरही, त्यांच्या कानी तीन आक्षेप पडतात. पहिला : तुमचा ख्रिस्त ख्रिस्तापूर्वी चार-सहा वर्षे जन्मला असे तुमचेच विद्वान म्हणतात, मग तुमचा सन खोटा. दुसरा : तुमच्या शुभवर्तमानांचा काळाविषयी आपसांत मेळ बसत नाही, मग ती कथा रचलेली. तिसरा : असा कोणी पुरुष झालाच नाही, किंवा झाला असेल तर तो आमच्याच देशातला होता. मुले हे घरी येऊन विचारतात. वडील मंडळी रागावली किंवा गप्प बसली, तर मुले मनात समजतात की आपल्या वडिलांजवळ उत्तर नाही. असे पुष्कळदा होऊ लागले म्हणजे एक पिढी भांडण न करता, दाराचा आवाजही न करता, मंडळीतून निघून जाते. सबब या आक्षेपांचा शांतपणे विचार करणे हे आपले कर्तव्य आहे.

१. सन कोणी मांडला?

प्रभूच्या जन्माच्या वेळी कोणी 'सन एक' असे लिहून ठेवले नाही. रोमी लोक आपली वर्षे अधिकाऱ्यांच्या व कैसरांच्या नावांनी मोजत. पहिले ख्रिस्ती लोकही तसेच करीत. पुढे इसवी सन ५२५ मध्ये रोम शहरी दियोनीस नावाचा एक मठवासी होता. नम्रतेने तो स्वतःस 'लहानगा' म्हणवीत असे. पुनरुत्थानाचा सण कोणत्या वर्षी कोणत्या दिवशी येईल, याचे कोष्टक तो तयार करीत होता. त्यापूर्वीची कोष्टके दिओक्लेतियन कैसराच्या राज्यारोहणापासून वर्षे मोजीत. आणि त्या कैसराने तर ख्रिस्ती लोकांचा भयंकर छळ केला होता. अशा छळकाचे नाव चालू ठेवण्यापेक्षा प्रभूच्या देहधारणापासून वर्षे मोजावी, असे दियोनीसाने ठरविले. हेतू चांगला होता. परंतु मागील पाचशे वर्षांचा हिशेब करताना तो काही वर्षांनी चुकला. पुढे इंग्लंडातील बीड नामक विद्वानाने ७३१ साली पुऱ्या केलेल्या आपल्या इतिहासात हीच गणना वापरली आणि ती हळूहळू सर्वत्र पसरली. या गणनेत शून्य वर्ष नाही. ख्रिस्तपूर्व १ या वर्षामागून लगेच इसवी सन १ येते.

या चुकीचा अर्थ काय, हे मराठवाड्यातील मनुष्यास लांब जाऊन शिकावे लागत नाही. आपल्याकडील जुन्या पिढीतील असंख्य लोकांच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख '१ जून' अशी आढळते. मूल शाळेत घालावयाच्या वेळी आईबापांस तारीख ठाऊक नसे. गुरुजी अंदाजाने वर्ष धरीत आणि १ जून लिहून मोकळे होत. खरे वर्ष काढावयाचे असल्यास घरातील वृद्ध बाईस विचारावे लागते. ती आकडा सांगत नाही. ती म्हणते, "रझाकारांची धामधूम चालू होती, त्या साली", किंवा, "बहात्तरच्या दुष्काळात आम्ही खडी फोडायला जात होतो, तेव्हा हा पोटात होता." या बोलण्यावरून १९४८ किंवा १९७२ हे वर्ष बरोबर निघते. दाखल्यावरील तारीख चुकली म्हणून तो मनुष्य जन्मलाच नाही, असे कोणी शहाणा म्हणत नाही. दियोनीसाचा आकडा हा गुरुजींनी लिहिलेल्या १ जूनप्रमाणे आहे. शुभवर्तमानांतील साक्ष त्या वृद्ध बाईच्या बोलण्यासारखी आहे.

डिसेंबर महिन्याची २५ तारीख हीदेखील शास्त्रात दिलेली नाही. रोम शहरी इसवी सन ३३६ मध्ये ती पाळली जात असे, असा जुना लेख आहे. आपण त्या दिवशी सण करतो तो प्रभूच्या येण्याचा आनंद म्हणून. जन्माची नोंद म्हणून नव्हे.

२. पैठणच्या शकाचा दाखला

आता शालिवाहन शकाकडे पाहू. गुढीपाडव्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत शकाच्या आकड्यात ७८ मिळविले म्हणजे इसवी सन निघतो. जानेवारीपासून पुढील पाडव्यापर्यंत ७९ मिळवावे लागतात. भारत सरकारनेही २२ मार्च १९५७ पासून आपल्या राष्ट्रीय दिनदर्शिकेसाठी शकगणनाच स्वीकारली आहे. अर्थात शक इसवी सन ७८ मध्ये सुरू झाला. परंतु कोणी केला? पैठणचे सातवाहन राजे आपल्या लेखांत कोणताही शक वापरीत नसत. ते आपापल्या राज्याचे कितवे वर्ष एवढेच लिहीत. उलट, ज्या शक राजांवरून या गणनेस 'शक' हे नाव पडले, ते सातवाहनांचे शत्रू होते. नाशिकच्या लेण्यातील गौतमी बलश्रीच्या लेखात तिचा पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी याने क्षहरातांचा उच्छेद केल्याचे वर्णन आहे. नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ साली तेरा हजारांहून अधिक नाणी सापडली. त्यांतील बहुसंख्य नाण्यांवर क्षहरात नहपानाच्या छापावर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला दिसतो.

बदामीच्या लेण्यात शके ५०० चा, म्हणजे इसवी सन ५७८ चा, एक लेख आहे. त्यात शक राजाच्या राज्याभिषेकापासून मोजलेली पाचशे वर्षे असा निर्देश आहे. शालिवाहनाचे नाव नाही. हे नाव शकाला चिकटले ते कित्येक शतकांनंतर, आणि तेराव्या शतकाच्या सुमारास ते रूढ होऊ लागलेले दिसते. म्हणजे ज्यांनी शकांना जिंकले, त्यांचेच नाव लोकांनी पुढे शकांच्या गणनेस दिले.

तर मग पैठणला सातवाहन राजे नव्हतेच, असे म्हणावे काय? मुळीच नाही. त्यांचे शिलालेख आहेत, नाणी आहेत. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यास एका ग्रीक व्यापाऱ्याने अरबी समुद्रातील व्यापारमार्गांची माहिती लिहून ठेविली. तीत भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे, आणि तेथून अकीकासारखे दगड गाड्यांतून भडोचला येतात, असे तो सांगतो. पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरील तगर नगराचाही, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तेरचा, तो उल्लेख करतो. अर्थात प्रेषित पौल आशियात व ग्रीस देशात सुवार्ता सांगत फिरत होता, त्याच काळात आपल्या गोदाकाठचा माल समुद्रमार्गे रोमी साम्राज्यात जात होता. शकाच्या नावाविषयी लोकांची समजूत चुकली. पण राजे खरे होते. गणनेची चूक आणि व्यक्तीचे असणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पैठणच्या बाबतीत हे ज्याला पटते, त्याने बेथलेहेमाच्या बाबतीतही तोच न्याय लावावा.

३. शालिवाहन तोच ख्रिस्त काय?

पैठणच्या या राजाचा आपल्या प्रभूशी संबंध जोडण्याचा प्रयत्न खरोखर झाला आहे. आणि तो एका ख्रिस्ती ग्रंथकारानेच केला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. कंपनी सरकारच्या लष्करातील फ्रान्सिस विल्फर्ड नावाचा एक अधिकारी काशीस राहून पुराणांचा अभ्यास करीत असे. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात 'एशियाटिक रिसर्चेस' या ग्रंथमालेत त्याने असे प्रतिपादन केले की, शालिवाहन म्हणजे दुसरा कोणी नसून येशू ख्रिस्तच होय. त्याची कारणे ऐका. आख्यायिकेत शालिवाहन नागराजाच्या प्रभावाने एका ब्राह्मण कन्येच्या पोटी जन्मला, कुंभाराच्या घरी वाढला, आणि त्याने मातीचे सैनिक करून त्यांत प्राण घातला. इकडे बाळ येशूने मातीच्या चिमण्या करून उडविल्या, अशी एक कथा आहे. शिवाय दोघांचा काल साधारण जवळचा. विल्फर्डास एवढे पुरेसे वाटले.

हे अनुमान दोन कारणांनी ढासळते. चिमण्यांची ती कथा आपल्या चार शुभवर्तमानांपैकी एकातही नाही. ती मागाहून रचलेल्या बालपणाच्या एका गोष्टीच्या पुस्तकातली आहे, आणि मंडळीने ते पुस्तक शास्त्र म्हणून कधीच स्वीकारले नाही. दुसरे, शक सुरू झाला ७८ साली. प्रभूचे मरण पंतय पिलाताच्या अमलात झाले, आणि पिलाताचा अंमल ३६ सालीच संपला होता. चाळीस वर्षांहून अधिक अंतर असलेल्या गोष्टी एक कशा होतील? याच विल्फर्डास १८०५ च्या सुमारास अशी कबुली द्यावी लागली होती की, त्याच्या पदरच्या पंडिताने त्यास हवे होते तसे उतारे पोथ्यांत फेरफार करून पुरविले. साहेबास काय ऐकावयाचे आहे हे ओळखून तेच लिहून दिले गेले. दोष एकट्या पंडिताचा म्हणावा काय? ज्याला स्वतःच्या मताला पोषक असेच ऐकावयाचे असते, त्याला फसविण्यास फार श्रम पडत नाहीत.

हाच मोह पुढे इतरांसही पडला. १८९४ साली नोतोविच नामक रशियन प्रवाशाने असे पुस्तक काढले की, लडाखातील हेमिस मठात येशूच्या भारतवासाची पोथी आहे. पुढच्याच वर्षी आग्र्याच्या सरकारी कॉलेजातील डग्लस नावाचे अध्यापक स्वतः हेमिसला गेले; मठाच्या प्रमुखाने अशी पोथी मठात नाही असे स्पष्ट सांगितले. भविष्यपुराणाच्या प्रतिसर्गपर्वात शालिवाहन राजा हिमालयात ईशपुत्रास भेटल्याची कथा आहे. पण त्याच पर्वात मोगल व इंग्रज यांचीही वर्णने असल्यामुळे तो भाग अर्वाचीन आहे, असे संशोधक म्हणतात. आपल्या मराठीतही बाबाराव सावरकर यांचे 'ख्रिस्तपरिचय' हे पुस्तक १९४६ साली प्रसिद्ध झाले; त्यात येशू मूळचा तामिळ हिंदू होता असे मत मांडले आहे. या सर्वांत एक गोष्ट समान आहे. प्रत्येकाने आधी ठरविले की ख्रिस्त आपल्या इच्छेप्रमाणे असावा, आणि मग पुरावा शोधला.

४. प्रभूचा काल कशावरून ठरतो?

आता शुभवर्तमानांची रीत पाहा. तेथे सनाचा आकडा नाही; राज्यकर्त्यांची नावे आहेत. मत्तय व लूक हे दोघेही सांगतात की, हेरोद राजाच्या दिवसांत या गोष्टी घडल्या. यहूदी इतिहासकार योसेफस लिहितो की, हेरोदाच्या मरणापूर्वी चंद्रग्रहण झाले आणि त्यानंतर वल्हांडण सण आला. ग्रहणाचे गणित करता येते. त्यावरून बहुतेक संशोधक हेरोदाचे मरण ख्रिस्तपूर्व ४ मध्ये धरतात. तेव्हा प्रभूचा जन्म त्यापूर्वीचा, सामान्यतः ख्रिस्तपूर्व ६ ते ४ यांच्या दरम्यानचा, असे मानले जाते. 'ख्रिस्त ख्रिस्तापूर्वी जन्मला' या वाक्याचा अर्थ एवढाच. ते हसण्यासारखे वाटते; पण त्यात दियोनीसाची चूक आहे, लूकाची नाही.

पुढे लूक तिसऱ्या अध्यायात तिबिर्य कैसराचे पंधरावे वर्ष सांगतो, आणि त्याबरोबर पिलात, हेरोद, फिलिप्प, लुसनिय, हन्ना व कयफा यांची नावे देतो. औगुस्त कैसर १९ ऑगस्ट १४ रोजी मरण पावला. तेव्हापासून मोजल्यास तिबिर्याचे पंधरावे वर्ष २८ किंवा २९ साली पडते. योहानाच्या दुसऱ्या अध्यायात यहूदी म्हणतात की मंदिराच्या बांधकामास शेहेचाळीस वर्षे लागली. हेरोदाने ते काम ख्रिस्तपूर्व २० किंवा १९ मध्ये आरंभिले. म्हणजे हा प्रसंगही २७-२८ सालाच्या आसपास येतो. दोन लेखक दोन निरनिराळ्या गोष्टी सांगत असता काल जवळजवळ एकच निघतो. पिलाताचा अंमल २६ ते ३६ असा होता. वल्हांडणाची तिथी व शुक्रवार यांचा मेळ पाहता प्रभूच्या मरणाचे वर्ष ३० किंवा ३३ असावे, असे बहुतेक विद्वान समजतात. १९६१ साली कैसरीयाच्या अवशेषांत इटालियन संशोधकांस एक दगड सापडला. त्यावर तिबिर्याचे आणि यहूदीयाचा अधिकारी पंतय पिलात याचे नाव कोरलेले आहे.

५. जी गाठ अद्याप सुटली नाही

प्रामाणिकपणाने एक अडचण सांगितली पाहिजे. लूक दुसऱ्या अध्यायात क्विरीनिय सुरियाचा सुभेदार असताना झालेल्या नावनिशीचा उल्लेख करतो. योसेफसाच्या इतिहासात क्विरीनियाची नावनिशी इसवी सन ६ मध्ये, म्हणजे हेरोदाच्या मरणानंतर सुमारे दहा वर्षांनी झाली. या दोहोंचा मेळ घालण्याचे पुष्कळ प्रयत्न झाले. कोणी म्हणतात, आधीही एक नावनिशी झाली असावी. कोणी लूकाच्या वाक्याचा 'क्विरीनियाच्या पूर्वीची नावनिशी' असा अर्थ करतात. कोणी म्हणतात, लूकाच्या माहितीत येथे घोटाळा झाला. सर्वांस मान्य होईल असे उत्तर अद्याप मिळालेले नाही. हे आपण सरळ मान्य करावे. न्यायाच्या कामात दोन साक्षीदार एखाद्या तारखेविषयी वेगळे बोलले म्हणून मूळ घटनाच घडली नाही, असा निकाल कोणी देत नाही. उलट दोघांचे शब्द अक्षरशः एकच असते, तर पढवून आणल्याचा संशय आला असता. मत्तय व लूक यांचे वर्णन वेगळे आहे. तथापि हेरोदाचा काळ, बेथलेहेम, मरीया व योसेफ आणि नासरेथातील वास्तव्य हे दोघेही सांगतात.

६. साक्ष किती जवळची आहे?

'असा कोणी झालाच नाही' हा आक्षेप गेल्या दोनशे वर्षांत निरनिराळ्या लोकांनी घेतला. जर्मनीत आर्थर ड्रूस याचे पुस्तक १९०९ साली निघाले, तेव्हा त्याची फार चर्चा झाली. परंतु जे ख्रिस्ती नाहीत अशाही बहुतेक इतिहासकारांनी तो आक्षेप फेटाळला आहे. अमेरिकेतील बार्ट एर्मन हे श्रद्धावान नाहीत. तरी त्यांनी २०१२ साली या एकाच विषयावर पुस्तक लिहून येशू हा खरोखर होऊन गेलेला पुरुष होता असे दाखविले.

कारण साक्ष जवळची आहे. प्रेषितांच्या कृत्यांत अठराव्या अध्यायात पौलास करिंथ येथे गल्लियो या सुभेदारापुढे उभे केल्याचे सांगितले आहे. ग्रीस देशात डेल्फी येथे सापडलेल्या क्लौद्य कैसराच्या शिलालेखात गल्लियोचे नाव आहे, आणि त्यावरून त्याचा अंमल ५१-५२ सालचा ठरतो. म्हणजे पौलाचा काल शिलालेखाच्या दोरीने बांधलेला आहे. त्यानंतर दोन-चार वर्षांत त्याने करिंथकरांस पहिले पत्र लिहिले. पंधराव्या अध्यायात तो म्हणतो की, ख्रिस्त मेला, पुरला गेला, उठविला गेला आणि पुष्कळांस दिसला, हे त्याला स्वतःलाही इतरांकडून मिळालेले आहे. गलतीकरांस तो लिहितो की, आपण यरुशलेमेस जाऊन केफाबरोबर पंधरा दिवस राहिलो आणि प्रभूचा बंधू याकोब यास भेटलो. जो पुरुष झालाच नाही, त्याच्या भावाला कोण कसे भेटेल?

बाहेरचे लेखही आहेत. रोमी इतिहासकार टॅसिटस ११६ च्या सुमारास लिहितो की, ६४ साली रोम जळाले तेव्हा नीरोने ख्रिस्ती लोकांवर आरोप घातला, आणि त्यांचा मूळ पुरुष ख्रिस्त यास तिबिर्याच्या काळी पिलाताने देहदंड दिला होता. तो ख्रिस्ती लोकांचा तिरस्कार करणारा, म्हणून त्याची साक्ष पक्षपाताची नव्हे. ११२ च्या सुमारास प्लिनी सुभेदाराने त्रायान कैसरास पत्र लिहून ख्रिस्ती लोकांचे काय करावे ते विचारले. योसेफसही ९३-९४ साली पुऱ्या झालेल्या ग्रंथात याकोबाच्या वधाविषयी लिहिताना, ज्यास ख्रिस्त म्हणत त्या येशूचा तो भाऊ, असे म्हणतो. योसेफसाच्या ग्रंथात येशूविषयी दुसरा एक मोठा उतारा आहे. पण त्यात कोणा ख्रिस्ती नकलकाराने आपल्या पदरची वाक्ये घातली आहेत, असे विद्वानांचे मत आहे. ती वाक्ये आपण पुरावा म्हणून कधी पुढे करू नयेत.

७. आपण कसे बोलावे?

या शेवटच्या गोष्टीतच पाठाचे सार आहे. त्या नकलकाराचा हेतू वाईट नसेल. प्रभूची थोरवी वाढावी म्हणूनच त्याने दोन ओळी घातल्या असतील. परंतु परिणाम काय झाला? आज आक्षेपक त्या दोन ओळी दाखवून सगळा उतारा खोटा म्हणतात. खोट्याची भर घातल्याने खऱ्याचेही मोल गेले. ईयोब आपल्या मित्रांस विचारतो की, तुम्ही देवाचा पक्ष घेण्यासाठी असत्य बोलणार काय? पौलही म्हणतो की, ख्रिस्त उठला नसेल तर आपण देवाविषयी खोटे साक्षीदार ठरू. नववी आज्ञा शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये असे सांगते. परंतु प्रभूच्या बाजूने दिलेली खोटी साक्षही खोटीच. ज्याने स्वतःस सत्य म्हटले, त्यास आपल्या असत्याची गरज नाही.

म्हणून मुले विचारतील तेव्हा तीन गोष्टी कराव्या. जे ठाम आहे ते ठामपणे सांगावे : प्रभू हेरोदाच्या काळी जन्मला, तिबिर्याच्या काळी त्याने उपदेश केला, पिलाताच्या अमलात तो वधस्तंभावर मेला. जे अनिश्चित आहे ते अनिश्चित म्हणावे : जन्माचे नेमके वर्ष, तारीख, क्विरीनियाची नावनिशी. आणि जे खोटे आहे, ते आपल्या बाजूचे असले तरी सोडून द्यावे. शेजारच्या हिंदू बांधवाने शालिवाहनाची कथा सांगितली तर त्याची थट्टा करू नये. पैठणचे नाव त्यास प्रिय आहे, आणि आपल्यासही ते परके नाही. गोदावरीचे पाणी आपणही पितो.

इतिहास आपणास वधस्तंभाच्या पायथ्यापर्यंत आणून सोडतो. पिलात कोण, वर्ष कोणते, नगर कोणते, हे तो सांगतो. तेथे मरणारा आपल्या पापांसाठी मेला, आणि तिसऱ्या दिवशी उठला, हे मानणे मात्र गणिताने होत नाही; तेथे प्रत्येकाने साक्षीदारांचे शब्द ऐकून आपल्या अंतःकरणात उत्तर द्यावयाचे असते. पण त्या साक्षीकडे येण्याची वाट खोट्याने झाकू नये, एवढे काम आपल्या हाती आहे.

रविवारच्या शाळेसाठी : शिक्षकांनी अंगणात एक लांब रेघ ओढून तिच्यावर क्रमाने खडे ठेवावे आणि मुलांकडून प्रत्येक खड्याचे नाव वदवून घ्यावे. प्रभूचा जन्म (ख्रिस्तपूर्व ६ ते ४), तिबिर्याचे पंधरावे वर्ष (२८-२९), वधस्तंभ (३० किंवा ३३), गल्लियो (५१-५२), रोमची आग (६४), यरुशलेमेचा नाश (७०), शकाचा आरंभ (७८), दियोनीसाची गणना (५२५), बदामीचा लेख (५७८). गणना किती मागाहून आली आणि साक्ष किती आधी होती, हे मुलांस डोळ्यांनी दिसेल.

विचार करण्याचे प्रश्न

१. शकाचे नाव शालिवाहनावरून पडले, तरी शक त्याने सुरू केला नाही, हे कशावरून समजते?
२. लूक ३:१–२ मध्ये किती राज्यकर्त्यांची व याजकांची नावे आहेत? लूकाने ती का दिली असावी?
३. विल्फर्डाची चूक कोणती? आपणही आपल्या मंडळीत अशी चूक कोणत्या गोष्टीत करतो?
४. 'मला ठाऊक नाही' असे म्हणण्याने साक्ष दुबळी होते की बळकट होते? आपले मत कारणासह सांगा.
५. ईयोब १३:७ व १ करिंथ १५:१५ वाचून, सत्याविषयी आपले कर्तव्य काय, ते आपल्या शब्दांत सांगा.